निवृत्त की निवर्तले

दुरुस्तीबाईंना खुर्ची लाभत नाही. म्हणजे खुर्च्या मिळाल्या पुष्कळ. तीन विद्यापीठांनी दिल्या, त्यातली शेवटची तर चाकांची, गोल फिरणारी आणि मागे रेललं की दाताच्या दवाखान्यातल्यासारखी आडवी होणारी. पण बाई तिच्यावर बसल्या की दोन मिनिटांत उठणार. उभ्यानं टपाल, उभ्यानं चहा, उभ्यानं विद्यार्थ्यांचे निबंध. चहाचा कप खिडकीत ठेवायचा, विचार करत कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जायचं, परत येईपर्यंत चहा निवलेला. मग तो गरम करायला पुन्हा टोकापर्यंत, कारण चहा गरम करायचं यंत्र तिकडे. एका कपापायी बाई अर्धा मैल चालतात आणि संध्याकाळी पाय दुखतात म्हणून कुरकुरतात.

दुरुस्तीबाई हे नाव त्यांना पडलं त्याचं कारण त्यांचा विषय. वर्तमानपत्रं चुकतात आणि मग दुसऱ्या पानाच्या कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात, ‘कालच्या अंकात अमुक ऐवजी तमुक वाचावे’ असं छापतात. त्या चौकटींवर बाईंनी हयात घालवली. त्यात नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. त्यामुळे इमारतीत ‘तिसऱ्या मजल्यावरचे दुरुस्तीवाले’ अशीच त्यांची ओळख. एकदा खालच्या मजल्यावरच्या आजी इस्त्री घेऊन आल्या होत्या. नवऱ्यानं ती उघडून पाहिली, बाईंनी सोबतच्या माहितीपत्रकातल्या चार चुका काढून दिल्या, आणि आजी समाधानानं गेल्या. इस्त्री तशीच बंद.

ही भिंगरी बाईंच्या पायाला लागली त्या दिवशी मात्र त्या खुर्चीवर चांगल्या मांडी घालून बसल्या होत्या.

तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या, आपल्या देशात होत्या, आणि एका चार पानी सायंदैनिकात शिकाऊ होत्या. कचेरी एका मोटार गॅरेजच्या माळ्यावर. शाईचा वास कुठला आणि ऑइलचा कुठला, हे तिथं तीस वर्षं काढलेल्यालाही सांगता येत नसे. दुपारी एकला छपाई सुरू व्हायची. एकाला दहा मिनिटं असताना भिंतीवरचा फोन वाजला. गावाच्या दुसऱ्या टोकाचा बातमीदार होता, त्याला सगळे घोगरा म्हणत.

‘लिहून घे,’ घोगरा म्हणाला. ‘नगर वाचनालयाचे ग्रंथपाल निवृ...’

आणि खाली गॅरेजवाल्यानं एका ट्रकचं इंजिन सुरू केलं. माळा थरथरला, फोन थरथरला, बाईंचा कानही थरथरला असावा.

‘काय? निवर्तले?’

‘हो हो, बत्तीस वर्षांची सेवा!’ घोगरा ओरडला आणि त्यानं फोन ठेवला.

चूक इथवर कानाची होती, आणि कानाच्या चुकीला जगात माफी असते. पुढचं सगळं हाताचं होतं. घाईत नगर वाचनालयाचं सार्वजनिक वाचनालय झालं. रकान्यात चार ओळी रिकाम्या राहत होत्या. बाईंनी लिहिलं: ‘त्यांच्या मागे पत्नी, एक मुलगी व शोकाकुल वाचकवर्ग असा परिवार आहे.’ त्यातला ‘शोकाकुल’ त्यांना इतका आवडला की घरी जाताना त्यांनी अंक विकत घेतला आणि बसमध्ये तो शब्द दोनदा वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्याच्या जिन्यावर सावकाश, मोजून टाकलेली पावलं वाजली. पांढरा सदरा, छत्री, हातात कालचा अंक, आणि अंकावर लाल पेन्सिलीच्या खुणा.

‘ही बातमी कोणी लिहिली?’

‘मी,’ बाई म्हणाल्या. ‘आपण?’

‘मी त्या बातमीतला कैलासवासी.’

कचेरीतल्या लेखण्या थांबल्या. नेमका खाली गॅरेजवालाही गप्प.

‘तीन चुका आहेत,’ ग्रंथपालांनी अंक टेबलावर पसरला. ‘एक, मी वारलेलो नाही. पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त झालोय. दोन, आमचं वाचनालय सार्वजनिक नाही, नगर वाचनालय आहे. सार्वजनिक ते पलीकडचं, आणि ते आम्हाला मोजत नाहीत. तीन, निवर्तलेमधला नि ऱ्हस्व असतो. इथे दीर्घ छापलाय. अहो, मारायचंच तर शुद्ध लिहून तरी मारा!’

संपादकांना सगळे साहेब म्हणत. साहेब खोलीतून बाहेर आले, त्यांनी ग्रंथपालांना नीट न्याहाळलं, हात जोडले आणि म्हणाले, ‘तुम्ही चालताय, बोलताय, जिने चढताय. लोक बघतायत. याहून मोठा खुलासा आम्ही काय छापणार?’

साहेबांच्या दैनिकानं जन्मापासून एकही खुलासा छापला नव्हता. खुलासा छापला की चूक झाली होती हे लोकांना कळतं, असं त्यांचं तत्त्व होतं.

तसं पाहिलं तर या निधनाचा वाचनालयाला फायदाच झाला. सात-सात वर्षं घरात दडवून ठेवलेली पुस्तकं लोकांनी त्याच संध्याकाळी हळहळत परत आणून दिली. एका वकिलानं तर पुस्तकाबरोबर वाचनालयाची खुर्चीही परत केली, जी गेल्याचं कोणाला माहीतच नव्हतं. ग्रंथपालांनी हे स्वतःच सांगितलं आणि सगळे हसले. बाईही हसल्या. मग जिना उतरताना ग्रंथपाल मधल्या पायरीवर थांबले आणि त्यांनी बाईंना खूण करून जवळ बोलावलं.

‘मुली, एक गोष्ट वर बोललो नाही. मला एक धाकटा भाऊ आहे. परगावी असतो. नऊ वर्षं बोलत नाही माझ्याशी.’

‘का?’

‘शब्दकोश. माझा नेला, परत केला नाही. मी त्याचं वाचनालयातलं नाव कापलं. सख्ख्या भावाचं. मग त्यानं माझं कापलं.’ ते छत्रीच्या मुठीशी चाळा करत राहिले. ‘काल बातमी वाचून तो तडक गाडीत बसला. आज पहाटे दारात उभा. काखेत शब्दकोश, डोळे सुजलेले. आणि दार कोणी उघडलं? मी. हातात दात घासायचा ब्रश. त्याला वाटलं, बोलावून घ्यायला मीच हे छापवलं. एक शब्द न बोलता परत गेला. शब्दकोशासकट.’

बाई एक पायरी खाली उतरल्या.

‘त्याला पत्र लिहून उपयोग नाही, माझं पत्र तो फोडत नाही. पण छापलेलं तो मानतो. घरात आम्ही सगळेच छापलेलं मानतो. तेवढा खुलासा आणा. मी कात्रण पाठवतो.’

‘मी छापून आणते,’ बाई म्हणाल्या. ‘शब्द देते.’

‘छापील दे,’ ग्रंथपाल म्हणाले आणि उतरून गेले.

त्या दिवसापासून बाई बसल्या नाहीत. रोज सकाळी त्या साहेबांच्या टेबलावर खुलाशाची चिठ्ठी ठेवत आणि रोज दुपारी ती चिठ्ठी साहेबांच्या कपाखाली बशीसारखी सापडे. बावन्न चिठ्ठ्या झाल्या. त्रेपन्नावीच्या आधी बाईंचं लग्न झालं आणि त्या नवऱ्यामागून परदेशी गेल्या. तिकडे उंच इमारती पुष्कळ होत्या आणि उंच इमारतींतल्या लिफ्ट बिघडतही पुष्कळ होत्या.

परक्या मुलखात पत्रकाराचं हत्यारच हिरावून घेतलं जातं. भाषाच परकी. बाईंनी दोन वर्षं एका मोठ्या दैनिकाच्या तळघरात पाकिटांवर पत्ते चिकटवले. मग एक दिवस वरच्या मजल्यावर तक्रारींचा फोन घेणारा माणूस वैतागून नोकरी सोडून गेला आणि कोणीतरी म्हणालं, खालच्या त्या बाईंना बसवा. त्यात एक अक्कलहुशारी होती. बाईंचे उच्चार वेगळे, कान नवखा. तक्रार करणाऱ्याला एकेक शब्द सुटा करून, सावकाश सांगावा लागे. आणि सावकाश केलेलं भांडण टिकत नाही. पाच मिनिटांत तो माणूस थकून म्हणे, ‘बरं, एवढं दुरुस्त करा म्हणजे झालं.’ बाई प्रत्येक शब्दाची अक्षरं दोनदा विचारून घेत. मागे कुठे इंजिन सुरू असेल तर ते बंद होईपर्यंत थांबत. लोकांना वाटे, काय ही चिकाटी! ती भीती होती.

दुसऱ्या पानावरची ती चौकट बाईंनी अकरा वर्षं चालवली. मग दैनिकाची पानं कमी झाली, पानांबरोबर माणसं, आणि चाळिशीला टेकलेल्या बाई विद्यापीठात जाऊन पोरासोरांच्या रांगेत उभ्या राहिल्या. प्रबंधाचा विषय ऐकून मार्गदर्शक प्राध्यापकांनी चष्मा काढला. ‘चुकांच्या दुरुस्त्या? हे वाचणार कोण?’

‘ज्याच्याबद्दल चूक झाली तो,’ बाई म्हणाल्या.

चार हजार चौकटी तपासून बाईंनी एक गोष्ट दाखवून दिली. वर्तमानपत्रं दुरुस्त करतात त्या चुका लहान असतात: नावातली वेलांटी, सभेची वेळ, घराचा क्रमांक. चूक जितकी मोठी तितकी ती दुरुस्त होण्याची शक्यता कमी. या एका वाक्यावर त्यांना पदवी मिळाली, नोकऱ्या मिळाल्या, भाषणांची निमंत्रणं मिळाली. तीन शहरं झाली, सात घरं झाली. प्रत्येक घरात नवरा पहिल्या दिवशी पलंग जोडे आणि बाई पहिल्या दिवशी खिडकीतून पुढच्या रस्त्याचा अंदाज घेत. मुलगी लहानपणी मैत्रिणींना सांगायची, ‘माझी आई बसते फक्त विमानात. तिथे पट्टा असतो.’

भाषणात बाई ग्रंथपालांची गोष्ट हटकून सांगत. ट्रकचं इंजिन, दीर्घ नी, परत आलेली खुर्ची. सभागृह खदखदून हसे. भावाची गोष्ट त्या सांगत नसत. आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणत, ‘ते गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांचा खुलासा राहूनच गेला.’ टाळ्या मोठ्या पडत.

एका मंगळवारी सकाळी बाई उभ्यानं टपाल पाहत होत्या तेव्हा आपल्या देशातून फोन आला. आवाज त्यांच्याच वयाच्या बाईचा.

‘मॅडम, मी ग्रंथपालांची मुलगी बोलतेय. नगर वाचनालयाच्या. तुमचं ते भाषण माझ्या नातीनं मोबाइलवर बाबांना ऐकवलं.’

‘हो का,’ बाईंनी हातातलं टपाल खाली ठेवलं. ‘बाबांना म्हणजे...’

‘त्यांना फार आवडलं. पूर्ण ऐकलं. फक्त म्हणाले, हिनं यातही एक चूक केलीय.’

‘कोणती?’

‘ते अजून वारले नाहीत.’

बाई खाली बसल्या. त्या चाकांच्या खुर्चीवर, चांगलं मिनिटभर. एकाच माणसाला आपण दोनदा मारलं, आणि दुसऱ्यांदा तर ट्रकचं इंजिनही नव्हतं. नुसता अंदाज! चौकशी करायला एक फोन पुरला असता. दुनियेला चौकशी शिकवणाऱ्या बाईंनी वीस वर्षांत तो केला नव्हता.

‘त्र्याण्णव पूर्ण आहेत,’ मुलगी सांगत होती. ‘अंक रोज घेतात. आधी दुसरं पान उघडतात, कोपरा बघतात, मग पहिलं. अडतीस वर्षं. पण आता या शनिवारी तो पेपर बंद होतोय हो. शेवटचा अंक. आणि काका अजून आहेत. एकोणनव्वद. अजूनही अबोला.’

‘मी आणते,’ बाई म्हणाल्या. ‘यावेळी नक्की आणते.’

मग मुलगी हळूच म्हणाली, ‘ताई, खरं सांगू? तुम्ही आणा म्हणूनच फोन केला, आणि आता वाटतंय नका आणू. बाबा म्हणतात, तो खुलासा आला की मी मोकळा. त्या कोपऱ्यासाठीच सकाळी उठतात ते. तो भरला तर... मला काही सुचत नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच ठरवा.’

शिकलेल्या बाईंनी त्या दिवशी कॉरिडॉरच्या किती फेऱ्या मारल्या त्याला गणती नाही. संध्याकाळी घरी त्याच फेऱ्या पलंग ते गॅलरी अशा सुरू झाल्या. नवरा स्क्रूड्रायव्हर पुसत बघत होता.

‘अगं, शेजारचे म्हणतील यांच्याकडे लिफ्ट आडवी धावते. बस की जरा.’

‘अहो, छापलं तर तो माणूस जाईल, नाही छापलं तर माझा शब्द जाईल.’

‘कागदाच्या चौकटीनं कोणी जात नाही.’

‘त्र्याण्णवाव्या वर्षी माणूस कशाच्या जोरावर उठतो ते तुम्हाला काय माहीत!’

नवऱ्यानं स्क्रूड्रायव्हर ठेवला. ‘मला एवढंच माहीत आहे, की लिफ्ट कधी पूर्ण दुरुस्त करू नये. एक बारीकसा आवाज ठेवावा. मग लोक आठवण काढतात, बोलावतात, चहा देतात.’

‘तुम्ही असं करता?’

‘मी नाही करत,’ नवरा घाईघाईनं म्हणाला. ‘धंद्यातले करतात काही काही.’

बुधवारी बाईंनी कचेरीत फोन लावला. साहेब कधीच गेले होते, आणि ही बातमी बाईंनी यावेळी दोघांकडून पडताळून घेतली. आता सगळा कारभार साहेबांच्या सूनबाई बघत होत्या.

‘अहो ताई,’ सूनबाई म्हणाल्या, ‘सासऱ्यांनी जन्मात खुलासा छापला नाही, आणि मी शेवटच्या अंकात छापू? लोक म्हणतील, मोडलीच परंपरा.’

‘शनिवारी पेपर बंद. रविवारी कोण म्हणणार, आणि कुठे छापणार?’

सूनबाईंना हसू आलं. ‘दुसऱ्या पानावर दोन इंच देते. मजकूर उद्या दहाच्या आत पाठवा. आणि हे बघा, आमच्याकडे मुद्रितं तपासणारा माणूस केव्हाच गेला. तुम्ही पाठवाल ते जसंच्या तसं जाईल. तेव्हा चुकू नका.’

बाईंनी आयुष्यात चार हजार चौकटी वाचल्या, शेकडो लिहिल्या, पण या दोन इंचांनी त्यांना घाम फोडला. सहा वेळा लिहिलं. शेवटी मजकूर असा झाला: ‘अडतीस वर्षांपूर्वी आमच्या अंकात नगर वाचनालयाचे ग्रंथपाल निवर्तले, असे छापले गेले. ते निवृत्त झाले होते. ही चूक सर्वस्वी आमच्या वार्ताहराची होती. त्यात ग्रंथपालांचा कोणताही हात नव्हता. ते आजही हयात असून त्यांनी वाचनालयाची बत्तीस वर्षे सेवा केली.’

सगळं शुद्ध. नि ऱ्हस्व. बाईंनी पाठवायच्या बटणावर बोट नेलं आणि उठल्या. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या. ‘बत्तीस’ खोडलं आणि ‘एकतीस’ लिहिलं. यावेळी खाली कुठलाही ट्रक सुरू नव्हता. आणि बोट दाबलं.

शनिवारी दुपारी तिकडे अंक निघाला. रविवार सुना गेला. बाईंनी घरातली सगळी पुस्तकं खाली काढून पुन्हा त्याच जागी लावली. सोमवारीही फोन नाही. बाईंना भलतंसलतं दिसू लागलं: रिकामी खाट, घडी घातलेला अंक. नवऱ्यानं दोनदा ‘कर की तूच फोन’ म्हटलं आणि बाईंनी दोनदा फोन उचलून ठेवला. मंगळवारी सकाळी तो आपणहून वाजला.

‘मुली!’ आवाज पातळ झाला होता, पण पावलासारखा तोही मोजून टाकलेला. ‘खुलासा पाहिला. नि ऱ्हस्व आहे. छान. पण एकतीस? मी बत्तीस वर्षं केली नोकरी!’

‘चूक झाली,’ बाई म्हणाल्या, आणि भिंतीला टेकल्या.

‘चूक झाली काय! दुरुस्ती हवी.’

‘पण पेपर बंद झाला हो.’

‘तेच तर! आता मी जाऊ कसा? जन्मभराच्या नोकरीतलं एक वर्ष गहाळ करून?’ ते खोकले, मग आवाज उतरला. ‘काल त्याचा फोन आला होता.’

‘कोणाचा?’

‘धाकट्याचा. मुलीनं त्याला कात्रण पाठवलं होतं. फोन उचलला तर रामराम नाही, ख्यालीखुशाली नाही, एकदम म्हणतो, एकतीस कसं? तेहतीस! पहिलं वर्ष तू हंगामी होतास, ते धर. मी म्हटलं, हंगामी वर्ष सेवेत धरत नाहीत. तो म्हणतो, धरतात. तासभर भांडलो. घसा बसला माझा.’

‘मग काय ठरलं?’

‘ठरतंय कसलं! तो म्हणतो, सेवा शब्दाचा अर्थ शब्दकोशात बघ. मी म्हटलं, शब्दकोश तुझ्याकडे आहे, तूच बघ आणि इथे येऊन दाखव.’ पलीकडून अंकाची घडी उलगडल्याचा आवाज आला. ‘येत्या गुरुवारी येतोय. तू ते एकतीसचं बघ तोवर. कुठेतरी छाप. शब्द दे.’

‘देते,’ बाई म्हणाल्या.

फोन ठेवला आणि बाई चालायला लागल्या. एकतीस, एकतीस. चपलेत खडा शिरावा तसं ते पावलोपावली टोचत होतं. बाईंच्या हातून जाणूनबुजून छापून गेलेली आयुष्यातली पहिली चूक. टोकापर्यंत जाऊन आल्या. चहा निवला होता. तो त्यांनी तसाच, उभ्या उभ्या, पिऊन टाकला.